पोत्याखालचा जोड

बाबा, आज सकाळी एक माणूस माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून मला पाणी म्हणजे काय ते शिकवून गेला. इकडे नागपूरच्या बेसा भागात नव्या इमारती झाल्यापासून पाणी शुद्ध करायच्या मशिनी विकणारे लोक दारोदार फिरत असतात. त्याने माझ्या नळाचं पाणी काचेच्या ग्लासात घेतलं, त्यात दोन सळ्या बुडवून बटण दाबलं, पाणी तांबडं गढूळ झालं आणि तो माझ्याकडे असा बघायला लागला, जशी काही मी आजवर विषच पीत आले. "देखो आंटी, ये पी रहे हो आप." मी म्हटलं, अरे भाऊ, तुझी सळईच लोखंडाची आहे, तीच गंजून पाण्यात उतरली, त्यात पाण्याचा काय दोष? माझी सगळी नोकरी पाणी तपासण्यात गेली. तर म्हणतो, "फिर भी आंटी." असा संताप आला मला! डोळ्यांपुढे दाखवलं, कारण सांगितलं, तरी याचं 'फिर भी' आहेच. तो गेल्यावर मी भांडी आदळत राहिले आणि अर्ध्या तासाने लक्षात आलं की हा राग त्या बिचाऱ्यावरचा नाहीच. तो तुमच्यावरचा आहे, जुना, सक्करदऱ्याच्या घरातला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी तुमच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे निघून आले, तरी आपलं भांडण काही संपत नाही. म्हणून कागद घेऊन बसले आहे. आज तुम्हाला मधे बोलता येणार नाही, तेव्हा एकदा सगळं नीट ऐका.

तुम्ही वेल्डर होतात. साधे नाही, आरगॉन वायू सोडून बारीक जोड करणारे वेल्डर, आणि हा फरक तुम्ही नव्या माणसाला पहिल्या दोन मिनिटांत सांगायचात. कुहीकडच्या खेड्यातून आलेला, चौथी शिकलेला माणूस, पण स्टेनलेस स्टीलच्या दोन नळ्या अशा जोडायचा की जोडावर माशाच्या अंगावर असावेत तसे एकसारखे खवले उठायचे. तुमच्या शर्टाच्या खिशात फोटो लावलेलं एक कार्ड असायचं. परीक्षा देऊन मिळवलेलं. हा माणूस अणुभट्टीच्या नळ्यांचे जोड करू शकतो, असं त्यावर लिहिलेलं. आई शर्ट धुवायला घ्यायची तेव्हा आधी कार्ड काढून रेडिओवर ठेवायची आणि नवा शर्ट तुमच्या हातात द्यायच्या आधी त्यात घालायची. तुम्हाला ते कधी मागावं लागलं नाही. दूर कुठल्याशा राज्यात अणुभट्टी उभी राहत होती आणि तिच्यात पाणी फिरवणाऱ्या नळ्यांचं काम तुमच्या कारखान्याला मिळालं होतं. "भट्टी म्हन्ते सारे, पन तिच्यात चूल नाही राहत वं," तुम्ही जेवताना मला समजावून सांगता आहात, घास हातातच राहिला आहे. "पानी राहते. पान्यानंच ते सारं काबूत राहते. अन् ते पानी माह्या जोडातून जाईन." मी तेव्हा कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होते आणि मला तुमचा इतका अभिमान वाटला की मी ती गोष्ट वर्गात दोनदा सांगितली.

त्या कामाला नियम फार, आणि तुम्ही नियमाचे पक्के. एक नियम असा की जोडाचा एक थर भरला की नळी हाताला सोसेल इतकी गार होईपर्यंत पुढचा थर भरायचा नाही, कारण स्टेनलेस स्टील फार वेळ तापत राहिलं तर जोडाच्या शेजारची पट्टी आतून दुबळी होते. हा नियम ज्याने लिहिला त्याने नागपूरचा मे महिना पाहिलेला नसावा. तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोऱ्या नळीला हात लावला तरी चटका बसायचा. काम अडून बसलं. मग तुम्ही घरच्या रांजणाला गुंडाळतो तशी ओली पोती नळ्यांना गुंडाळलीत. आपल्या सगळ्या शहराचं उन्हाळ्यातलं शास्त्र एवढंच: ओलं करा आणि वारा लागू द्या. थर भरला की पोतं, पोतं वाळलं की परत पाणी, दिवसभर हेच. नळ्या गार व्हायला लागल्या, काम धावायला लागलं, मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली. पाणी होतं कारखान्याच्या आवारातल्या विहिरीचं, मचूळ, ज्याच्यात डाळ शिजत नाही तसलं. क्षार काढलेलं पाणी पिंपांमधून यायचं, पण ते स्टोअरमध्ये कुलपात, तयार नळ्या धुवायला. नळीला दुसरं कुठलं पाणी लावू नका, असं साहेबांनी वाचून दाखवलं होतं. पण पोतं ओलं करणं म्हणजे काही नळी धुणं नव्हे, असं तुम्ही ठरवून टाकलंत, आणि तेव्हा कुणाच्याही डोक्यात दुसरं आलं नाही.

दीडेक वर्ष गेलं. भट्टीत इंधन भरायच्या आधी नुसतं गरम पाणी जोराने फिरवून बघतात, तसं तिकडे फिरवलं आणि तुमच्या नळ्या झिरपायला लागल्या. कापून परत पाठवल्या. आवारात टेबल मांडून तपासणीच्या माणसाने त्यांना लाल रंग लावला, पुसला, वर पांढरी भुकटी मारली, आणि त्या पांढऱ्यावर लाल रेघा हळूहळू वर आल्या, केसाइतक्या बारीक, फाटे फुटलेल्या. एकूण एक रेघ तुमच्या जोडापाशी. जोड कोणाचे, असं त्याने विचारलं. तुम्ही पुढे झालात. त्याने हात पुढे केला आणि तुम्ही खिशातलं कार्ड काढून त्याच्या हातावर ठेवलंत. हे मला तुम्ही नाही, आईने सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला खिडक्यांचे गज आणि फाटकं जोडायला बसवलं. त्यानंतर कित्येक महिने, बोलता बोलता तुमचा हात खिशापाशी जायचा आणि रिकामा परत यायचा, आणि आई मान वळवून चुलीकडे बघायची.

आणि तुमचं तोंड! "माल खराब होता." सकाळी माल खराब, संध्याकाळी माल खराब, पाहुणे आले की त्यांना माल खराब. एके दिवशी तुम्ही नळीचा एक कापलेला तुकडा रुमालात बांधून घरी आणलात आणि ओसरीवर बसून तो उलटसुलट करत राहिलात, जसा काही तोच बोलणार होता. मी तेव्हा पाणी तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत नुकती लागले होते. पाण्यात मीठ किती ते बघायला सिल्व्हर नायट्रेट वापरतात. त्याचा थेंब कातडीला लागला की काळा डाग पडतो आणि आठवडाभर साबणाला दाद देत नाही. त्यावरून आईची रोज कटकट, अशी बोटं घेऊन मुलगी बघायला आलेल्यांसमोर जाशील का म्हणून. तर मी तो तुकडा त्या काळ्या बोटांनी प्रयोगशाळेत नेला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बाबा, जोड शाबूत होता. खणखणीत! चीर जोडात नव्हतीच. ती जोडाला लागून असलेल्या त्या तापून दुबळ्या झालेल्या पट्टीत होती. मी चार दिवस कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन बसले. तापलेली दुबळी पट्टी, जोड गार होताना आकसतो त्याचा कायमचा ताण, आणि मीठ: तिन्ही एके ठिकाणी आले की चांगलं स्टील आतल्या आत तडकत जातं, वरून काही दिसत नाही. पहिल्या दोन गोष्टी प्रत्येक जोडाला असतातच. तिसरी कुठून आली, एवढंच शोधायचं होतं. मी तुमच्या डब्याच्या पिशवीत बाटली घालून दिली आणि विहिरीचं पाणी आणायला सांगितलं. ऑफिसच्या कामाला हवं असेल असं समजून तुम्ही गळ्यापर्यंत भरून आणलंत.

त्या रविवारची मी कितीदा उजळणी केली असेल. आई पोळ्या करते आहे, तुम्ही पाटावर बसला आहात, मी तुमच्यापुढे काचेचे दोन ग्लास मांडले आहेत. एकात प्रयोगशाळेतलं क्षार काढलेलं पाणी, एकात तुमच्या विहिरीचं. दोन्ही सारखीच नितळ. तपकिरी बाटलीतून दोघांतही दोन-दोन थेंब टाकले. पहिलं होतं तसंच राहिलं. दुसरं दुधासारखं पांढरं झालं. "हे मीठ आहे बाबा," मी म्हटलं. "पोतं वाळते, मीठ नळीवर राहून जाते. तुमच्या जोडाले काही नाही झालं. तुमचा हात चांगला आहे. पानी खराब होतं." मला वाटलं तुम्ही आनंदाने उठाल! खरंच वाटलं होतं, इतकी मी अडाणी. तुमचा चेहरा बघता बघता बदलला. "खराब म्हन्जे? ते पानी सारा कारखाना पेते. मी पेतो." "पेता येते बाबा, नळीले नाही चालत." "नळीले नाही चालत? नळी का गावचा पाटील होय? एक पानी चांगलं अन् एक पानी वंगाळ, हे तू माह्या घरात मले सांगून राहिली? यासाठी शिकवलं काय वं तुले?" आणि तुम्ही तो पांढरा ग्लास उचलून तोंडाला लावायला निघालात. ते पिण्याजोगं नव्हतं हो! मी पुढचं-मागचं न बघता हात मारला. ग्लास फुटला, पाणी तुमच्या धोतरावर सांडलं. तुम्ही माझ्याकडे कसं बघितलंत ते मी लिहीत नाही. आई काचा वेचायला लागली, तुम्ही चपला घालून निघून गेलात, आणि त्या गोंधळात माझी ती तपकिरी बाटली कुठे गेली तेही कळलं नाही. ऑफिसात ती फुटली म्हणून सांगावं लागलं.

मला काय ठाऊक नव्हतं का? गावच्या विहिरीच्या काठावर तुम्ही लहानपणी रिकामं मडकं घेऊन उभे असायचात, कुणाला दया येऊन वरून ओंजळभर ओतेपर्यंत. हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत, पण मी ते विसरेन असं तुम्हाला वाटलंच कसं? त्या तुमच्या हातून पाणी पाडायला तुमचीच लेक निघाली, हेही मला त्याच क्षणी कळलं. पण म्हणून मीठ काय मीठ राहत नाही? छप्पन साली तुम्ही मला खांद्यावर घेऊन दीक्षेला गेलात. परत आल्यावर देव्हारा उतरवलात आणि आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "आता कोनी सांगते म्हनून काही मानाचं नाही. तपासाचं, मंग मानाचं." अहो, मी तपासलं ना! तुमच्या डोळ्यांदेखत, तुमच्याच चुलीपुढे तपासलं. लोकांनी पाण्यावरून तुमचा छळ केला म्हणून तुम्ही पाण्याबद्दल एक अक्षर ऐकून घेणार नाही, आणि त्यापायी चांगला हात वाईट ठरवून गज जोडत बसणार. मी त्या वेळी वैतागून आईला म्हटलं, यांना कार्ड नकोच आहे. आई म्हणाली, "त्याले कार्ड पाह्यजे वं. पन तुह्या हातून नको." हे वाक्य मला अजून बोचतं.

आता तुम्हाला कधीच न सांगितलेलं सांगते. मी कळवलं होतं. ऑफिसच्या टाइपरायटरवर दीड पानाचा अहवाल लिहिला, पाण्याचे आकडे घातले, चिरेचं चित्र काढलं, आणि तुम्ही कामावर नाही असा दिवस बघून तुमच्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. पोती कोणाच्या डोक्यातून निघाली ते मी लिहिलं नाही. 'पोती ठेवण्यात आली होती', एवढंच. मी त्यांना हात जोडून म्हटलं की वडिलांना हे माझ्याकडून आलंय असं कळू देऊ नका. ते भले होते. त्यांनी तुकडे दुसरीकडे पाठवून खात्री करून घेतली आणि तीन-चार महिन्यांनी तुम्हाला बोलावून, तुमच्या हातात दोष नव्हता, एवढंच म्हणून कार्ड परत दिलं. विहिरीचं पाणी बंद, पोती बंद, नळी गार करायची तर पिंपातल्या पाण्याची फडकी, असा नवा नियमही लावला. तुम्ही घरी आलात, कार्ड रेडिओवर ठेवलंत आणि विजयी वीरासारखे माझ्याकडे वळलात. "पाह्य! मी म्हन्त नव्हतो? माल खराब होता." तुमचा खिसा भरलेला मला पाहायचा होता, मग तो कशाने भरला यावरून काय भांडायचं?

पण त्याची फार मोठी शिक्षा भोगली मी. दहाएक वर्षं! माझ्या लग्नात तुम्ही माझ्या नवऱ्याला सांगितलंत, "हिच्यापासून पानी जपून ठेवजा, दूध करून टाकते." माहेरी आले की पहिला प्रश्न, "काय म्हन्ते तुहं दुधाळ पानी?" आणि वर तो पेला. कार्ड मिळाल्यावर तुम्ही पहिलं काम काय केलंत, तर नळीच्या उरलेल्या, चीर नसलेल्या तुकड्याला बूड जोडून माझ्यासाठी पेला केलात, जोडावर तेच खवले, आणि देताना म्हणालात, "घे. तुह्या कोनत्याच पान्यानं फुटनार नाही." मी दात ओठ खाऊन घेतला. आजही त्यातच पाणी पिते, कारण तो खरोखरच फुटलेला नाही, आणि त्याचाही मला राग येतो.

तुम्ही गेलात तेव्हा तुमची पेटी आणायला मी कारखान्यात गेले. स्टोअर सांभाळणारे म्हातारे काका भेटले, तुमच्या बरोबरीचे. त्यांनी पेटी उघडून एकेक वस्तू बघून घ्यायला लावली. काळा चष्मा, हातमोजे, तारेचा ब्रश, आणि तळाशी हातमोज्याच्या फाटक्या बोटात खोचलेली एक तपकिरी बाटली. माझी. चिठ्ठीवर माझंच अक्षर, तळाला जेमतेम बोटभर औषध उरलेलं. "हे राहू देता का इथं?" काका म्हणाले. "आता पिंप कोन तपासन? तुमच्या बाबानं इतके साल दोन थेंब टाकून पाह्यल्याबिगर एक पिंप नाही उघडू देल्ला कोनाले. पानी जरासंबी पांढरं झालं का पिंप वापस. एकदा तं साहेबासंग भांडले त्याच्यासाठी. आम्ही इचारलं, हे काय होय गा? तं म्हने, माह्या पोरीची दवाई होय."

मी काकांसमोर रडले नाही. मी चिडले. रिक्षात पेटी मांडीवर घेऊन घरापर्यंत तुमच्याशी भांडत आले. पटलं होतं तर तोंडातून एक शब्द काढायला काय झालं होतं? परक्यांना माझं नाव सांगितलंत आणि मला दहा वर्षं 'दुधाळ पाणी' म्हणून चिडवलंत! तुम्ही असे कसे हो? आणि मी तरी काय, अहवालाचं कुठे सांगितलं? दोघंही तोंडाला कुलूप लावून, एकमेकांसमोर बसून वरण-भात खात होतो. मला वाटत होतं की मी तुम्हाला जिंकू दिलं, आणि तुम्हालाही बहुतेक तसंच वाटत असणार.

हा कागद मी कुठे पाठवणार? घडी घालून पेल्यात ठेवीन आणि उद्या पाणी प्यायला काढीन. पण चिडचिड तुमच्यावर करून झाली, तेव्हा आता एक माझं राहतं, तेवढं लिहिते. तुमच्या शेवटच्या उन्हाळ्यात तुम्ही माझ्याकडे जेवायला आला होतात. मी ताट वाढलं, तुम्ही भातावर हात ठेवणार तेवढ्यात माझं लक्ष गेलं. तुमच्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं काळी होती. तसे डाग माझ्याच बोटांना कॉलेज सुटल्यापासून आहेत, या कामावर मी पगार घेतला, डोळे मिटून ओळखायला हवे होते मला. मला ती कारखान्याची घाण वाटली. "हात धुऊन या," मी म्हटलं. तुम्ही उठलात, मोरीवर जाऊन साबण लावलात, परत आलात आणि दोन्ही हात माझ्यापुढे उलटेपालटे करून दाखवलेत. "निंघत नाही वं हे," तुम्ही म्हणालात, आणि थोडं थांबलात, जसं काही मी विचारीन काहून म्हणून. बाबा, मी विचारलं नाही. मी तुमच्या ताटात चमचा ठेवला. तुम्ही तो उचललात आणि चमच्याने जेवलात.